पगार वाढला, भाडेही वाढले

अमेरिकेतील सरकारी वसाहतींत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंना रोजगाराकडे वळविताना घरभाड्याचे सूत्रच आडवे येते. हा पेच कसा निर्माण झाला आणि तो सोडविण्यासाठी कोणते प्रयोग झाले, त्याचा हा आढावा.

सरकारने बांधलेल्या घरात राहणाऱ्या गरीब कुटुंबाकडून भाडे किती घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात तो कामगाराच्या रोजच्या निर्णयांशी निगडित आहे. भाडे खोलीवर आकारले, तर काम सुटताच घरही सुटण्याची वेळ येते. भाडे मिळकतीवर आकारले, तर काम गेले तरी डोक्यावरचे छप्पर टिकते. पण चार पैसे जास्त कमावले की त्यातला मोठा वाटा घरमालकाकडे, म्हणजे सरकारकडेच, परत जातो. अमेरिकेने गेल्या नऊ दशकांत या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. दोन्हींत काही मिळाले आणि काही गमावले. त्यानंतर सुरू झाला तो तिसऱ्या वाटेचा शोध, आणि तो अजून संपलेला नाही.

येथे ‘सरकारी वसाहत’ म्हणजे स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांच्या मालकीची, पण केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी भाड्याची घरे. अशी घरे आज देशभरात नऊ लाखांच्या आसपास आहेत. एकट्या न्यूयॉर्क शहराच्या प्राधिकरणाकडे त्यांतील दीड लाखाहून अधिक आहेत. १९७४ पासून चालत आलेली, खासगी घरांच्या भाड्यासाठी ‘व्हाऊचर’ देण्याची योजना याहून वेगळी असली, तरी भाड्याचे सूत्र दोन्हीकडे जवळपास सारखेच आहे.

मुळात गरिबांसाठी, पण फार गरिबांसाठी नाही

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील ‘फर्स्ट हाऊसेस’ ही वसाहत १९३५ च्या डिसेंबरात खुली झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी गृहनिर्माण कायद्यावर स्वाक्षरी केली आणि सार्वजनिक घरांचा कार्यक्रम देशव्यापी झाला. व्यवहाराची रचना साधी होती. इमारती बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार केंद्राने उचलायचा आणि दिवाबत्ती, पाणी, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे पगार हा रोजचा खर्च प्राधिकरणाने भाड्यातून भागवायचा. साहजिकच भाडे देऊ शकणारे भाडेकरू ही प्राधिकरणांची गरज होती. कुटुंबाचे उत्पन्न भाड्याच्या पाचपटीपेक्षा अधिक नसावे, मुले जास्त असल्यास सहापटीपेक्षा अधिक नसावे, अशी कमाल मर्यादा कायद्यात होती. किमान मर्यादा मात्र व्यवहारानेच घातली. ज्याला नोकरीच नाही, त्याला या घरांत फारसा थारा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४९ च्या कायद्याने आठ लाख दहा हजार नवी घरे मंजूर केली. त्याच सुमारास उत्पन्नाची मर्यादा ओलांडलेल्या कुटुंबांना वसाहतींबाहेर काढण्याची मोहीमही जोर धरू लागली. ज्या कुटुंबाची कमाई वाढली, ज्यांचा कर्ता माणूस कारखान्यात कायम झाला, त्याच कुटुंबाला घर सोडण्याची नोटीस येऊ लागली. वसाहतीत भाडे वेळेवर देणारे, समित्यांत उभे राहणारे, शेजारच्या पोरांवर नजर ठेवणारे लोक एकेक करून निघून गेले. त्यांच्या जागी अधिक गरीब कुटुंबे आली. इमारती जुन्या होत होत्या, दुरुस्तीचा खर्च चढत होता आणि तो भागविण्यासाठी प्राधिकरणांच्या हाती एकच साधन होते, ते म्हणजे भाडेवाढ. उत्पन्न घटत चाललेल्या भाडेकरूंवर वाढत्या खर्चाचा भार टाकण्याचा हा व्यवहार फार काळ टिकणारा नव्हता.

तो कोसळला सेंट लुईस शहरात. मिनोरू यामासाकी या वास्तुरचनाकाराने आखलेली ‘प्रुइट-आयगो’ ही अकरा मजली ३३ इमारतींची वसाहत १९५० च्या दशकाच्या मध्यावर उभी राहिली, तेव्हा तिचे कौतुक झाले होते. दशकभरातच लिफ्ट बंद, पाइप फुटलेले, निम्मी घरे ओस अशी तिची अवस्था झाली. भाडे मात्र वाढतच होते. काही कुटुंबांच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग भाड्यात जाऊ लागला. १९६९ च्या फेब्रुवारीत सेंट लुईसच्या सरकारी वसाहतींतील भाडेकरूंनी भाडे देणेच थांबविले. हा संप नऊ महिने चालला. प्राधिकरण दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि अखेर भाडे मिळकतीशी जोडण्याची मागणी मान्य झाली. प्रुइट-आयगोच्या इमारती पाडण्यास १९७२ मध्ये सुरुवात झाली. तिच्या कोसळण्याची छायाचित्रे आजही आधुनिक वास्तुकलेच्या अपयशाचा पुरावा म्हणून दाखविली जातात. भाड्याच्या हिशेबाचा त्यातला वाटा मात्र क्वचितच सांगितला जातो.

येथे मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांची योजना आखली. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे मिळून २०७ चाळी व सुमारे सोळा हजार खोल्याच उभ्या राहिल्या. ‘बीडीडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चाळींतील कित्येक खोल्या आरंभीची काही वर्षे रिकाम्या होत्या, कारण गिरणी कामगाराच्या मजुरीला ते भाडे झेपणारे नव्हते आणि वरळीसारखे ठिकाण तेव्हा कामाच्या जागेपासून दूर वाटत असे. पुढे भाडेनियंत्रणाच्या काळात तेच भाडे नाममात्र झाले. पण ते खोलीचे भाडे होते. गिरणीत बढती मिळाली म्हणून कोणा बीडीडीकराचे भाडे वाढले नाही, आणि १९८२ च्या संपात पगार थांबला म्हणून ते कमीही झाले नाही. आता या चाळींच्या जागी मालकी हक्काची घरे मिळत असल्याने तेथे भाड्याचा प्रश्नच उरलेला नाही. अमेरिकेने नेमका उलटा मार्ग धरला.

पंचवीस टक्क्यांची भिंत

सेंट लुईसचा संप चालू असतानाच वॉशिंग्टनमध्ये एका दुरुस्ती विधेयकाची चर्चा होती. ते मांडणारे एडवर्ड ब्रुक हे मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन सिनेटर. थेट मतदानाने सिनेटवर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. त्यांच्या १९६९ च्या दुरुस्तीने सरकारी वसाहतींतील भाड्याला कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. भाडे आणि खर्च यांतील तूट केंद्राने भरून काढायची, असे ठरले. त्यातूनच पुढे प्राधिकरणांना रोजच्या खर्चासाठी अनुदान देण्याची पद्धत रुळली.

ही दुरुस्ती भाडेकरूंच्या संरक्षणासाठी होती आणि ते काम तिने चोख बजावले, यात शंका नाही. नोकरी गेली, आजारपण आले, नवरा घर सोडून गेला, तर भाडे आपोआप उतरते. असे संरक्षण खासगी बाजारात कोणताही घरमालक देत नाही. मात्र १९८१ मध्ये, रोनाल्ड रेगन यांच्या पहिल्याच वर्षात, खर्चकपातीच्या कायद्याने हा आकडा ३० टक्क्यांवर नेला. त्याहून महत्त्वाचा बदल कमी गाजला. तोवर २५ टक्के ही ‘याहून जास्त नको’ अशी मर्यादा होती. आता ३० टक्के हा दर झाला. प्राधिकरणाला मनाने कमी घेण्याची मोकळीक उरली नाही.

आणि येथेच रोजगाराचा प्रश्न उभा राहतो.

एका डॉलरची वाटणी

समजा, एक आई आठवड्याला वीस तास दुकानात काम करते. मालक तिला चाळीस तासांचे काम देऊ करतो. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. त्या दराने तिची मिळकत महिन्याला सुमारे ६२८ डॉलरनी वाढेल. वाढीव मिळकतीच्या ३० टक्के, म्हणजे १८८ डॉलर, भाड्यात जातील. सामाजिक सुरक्षा व वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठी पगारातून ७.६५ टक्के कापले जातात, ते ४८ डॉलर. अन्नासाठी मिळणारे सरकारी साहाय्य, ज्याला अजूनही बोलताना ‘फूड स्टॅम्प’ म्हणतात, तेही मिळकत वाढली की घटते. ही घट डॉलरमागे २४ सेंटपर्यंत जाऊ शकते. ढोबळमानाने पाहता प्रत्येक वाढीव डॉलरपैकी साठ सेंट हातात पडण्यापूर्वीच गेलेले असतात. वर बसचा पास आणि मुलाला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे आहेतच.

हा हिशेब मांडताना दुसरी बाजूही सांगायला हवी. कमावत्या गरीब कुटुंबांना अमेरिकी आयकर खाते दरवर्षी एक मोठी रक्कम परत देते आणि मुले असणाऱ्या कुटुंबांत, मिळकत अगदी खालच्या पातळीवर असताना, हे साहाय्य वरची बरीचशी गळती भरून काढते. पण ती रक्कम वर्षातून एकदा येते. भाड्याची वाढ दर महिन्याला दिसते. माणूस निर्णय घेतो तो दिसणाऱ्या आकड्यावर.

शिवाय ३० टक्क्यांच्या सूत्राला कागदपत्रांची मोठी शेपटी आहे. दरवर्षी मिळकतीची फेरतपासणी, पगाराच्या पावत्या, अवलंबितांच्या वजावटी, मुलांच्या संगोपनाचा खर्च, घरात नव्याने राहायला आलेल्या माणसाची नोंद. अनेक प्राधिकरणांत मिळकत वाढताच ती कळविण्याचे बंधन होते. न कळविल्यास मागील भाड्याची थकबाकी निघते आणि प्रकरण घर खाली करण्यापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे रोखीने मिळणारी कामे लपवावीशी वाटणे, कमावता भाऊ किंवा जोडीदार भाडेकरारात न दाखविणे, हे प्रकार होत राहिले. गरिबांच्या आळसावर बोट ठेवणाऱ्यांनी सूत्रातील हा दोष फारसा लक्षात घेतला नाही. आणि सूत्राचे समर्थन करणाऱ्यांनीही तो बराच काळ मान्य केला नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सरकारी वसाहतींतील निम्म्याहून अधिक कुटुंबांचे प्रमुख वृद्ध किंवा अपंग आहेत. रोजगाराची सारी चर्चा उरलेल्यांपुरती आहे. राजकीय भाषणांत हा फरक हमखास गाळला जातो.

वाढीव भाडे पिगी बँकेत

पहिला कल्पक उपाय १९९० चा. जॅक केम्प हे गृहनिर्माण खात्याचे मंत्री असताना ‘कौटुंबिक स्वावलंबन’ योजना कायद्यात आली. भाडेकरूने प्राधिकरणाशी पाच वर्षांचा करार करायचा; शिक्षण, प्रशिक्षण, नोकरी यांची उद्दिष्टे लिहून द्यायची. पगार वाढला की भाडे नेहमीप्रमाणे वाढते, पण तेवढी रक्कम प्राधिकरण त्या कुटुंबाच्या नावे एका स्वतंत्र खात्यात जमा करते. करार पुरा केला की ती रक्कम कुटुंबाच्या हाती. अनेकांनी त्यातून जुनी कर्जे फेडली, गाडी घेतली, काहींनी घराचा पहिला हप्ता भरला.

योजना लोकप्रिय ठरली आणि दोन्ही पक्षांना आवडली. मात्र संशोधकांनी जेव्हा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली, तेव्हा योजनेतील कुटुंबांच्या रोजगारात व कमाईत ठळक फरक आढळला नाही. कारण उघड आहे. ज्याला आज घासाघीस करून महिना काढायचा आहे, त्याला पाच वर्षांनी मिळणारी रक्कम कितीही मोठी असली तरी दूरची वाटते. आणि जो स्वतःहून असा करार करायला पुढे येतो, तो बहुधा तसाही पुढे गेलाच असता.

दुसरा टप्पा १९९८ चा. दोन वर्षांपूर्वी बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत रोख साहाय्याला पाच वर्षांची मुदत घालणारा कायदा झाला होता. साहजिकच सरकारी घरांतील लाखो मातांना काम शोधणे भाग होते. त्याच ओघात आलेल्या १९९८ च्या गृहनिर्माण कायद्याने बरेच काही एकदम केले. भाडेकरूला मिळकतीवरचे भाडे किंवा बाजारभावाच्या आधारे ठरलेले ठोक भाडे, यांतून दरवर्षी निवड करता येऊ लागली. दीर्घकाळ बेकार असलेल्याला नोकरी लागली, तर पहिले बारा महिने वाढीव पगार भाड्याच्या हिशेबात धरायचा नाही आणि पुढचे बारा महिने निम्माच धरायचा, अशी सवलत आली. मिळकत शून्य असली तरी महिना पन्नास डॉलरपर्यंत किमान भाडे घेण्याची मुभा प्राधिकरणांना मिळाली. काम न करणाऱ्या सक्षम प्रौढांवर महिन्याला आठ तास समाजसेवेचे बंधन पडले. आणि याच कायद्यातील सिनेटर फेअरक्लॉथ यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांच्या संख्येला १९९९ च्या पातळीवर कुलूप लावले. त्याहून अधिक घरे केंद्राच्या पैशातून चालविता येणार नाहीत, असा तो नियम आजही आहे.

यातील पगार-सवलत कागदावर उदार होती. पण तिची माहिती असलेले भाडेकरू थोडे आणि ती नीट राबविणारी प्राधिकरणे त्याहून थोडी. कोणाचे किती महिने झाले, मध्ये नोकरी सुटली तर मोजणी कोठून, हे हिशेब ठेवता ठेवता कर्मचारी मेटाकुटीला येत.

सहा शहरांतला प्रयोग

याच काळात एक वेगळा प्रयोग सुरू होता आणि या विषयातील सर्वांत भरीव पुरावा त्यानेच दिला. केंद्रीय गृहनिर्माण खाते, रॉकफेलर फाउंडेशन आणि एमडीआरसी ही संशोधन संस्था यांनी मिळून आखलेल्या या प्रयोगाचे नाव ‘जॉब्स-प्लस’. बाल्टिमोर, चॅटनूगा, डेटन, लॉस एंजेलिस, सेंट पॉल आणि सिएटल या शहरांत तो १९९८ ते २००३ या काळात राबविला गेला.

कल्पना अशी, की वेचक दहा-वीस कुटुंबांना न धरता संपूर्ण वसाहतच कवेत घ्यायची. काम करू शकणारा प्रत्येक रहिवासी या योजनेचा लाभार्थी. तीन गोष्टी एकाच वेळी करायच्या. वसाहतीच्या आतच रोजगार कार्यालय उघडायचे, जेथे अर्ज लिहून देण्यापासून पाळणाघर शोधून देण्यापर्यंतची मदत मिळेल. भाड्याचे नियम बदलून पगारवाढीचा फायदा कुटुंबाच्या पदरात पडू द्यायचा. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत कामाविषयीचे बोलणे, ओळखी, चिठ्ठ्याचपाट्या यांचे जाळे विणायचे. काही वसाहतींत त्यासाठी रहिवाशांपैकीच काहींना मानधन देऊन नेमले गेले. कोठे माणसे हवी आहेत, कोणत्या शाळेत स्वयंपाकघरात जागा आहे, हे दारोदार सांगणे हे त्यांचे काम.

भाड्याचे नियम शहरागणिक निरनिराळे होते. कोठे बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराचे ठोक भाडे ठेवले, म्हणजे कमाई कितीही वाढली तरी भाडे तेच. कोठे वर्षागणिक पायरीपायरीने वाढणारे भाडे ठरविले. कोठे टक्केवारीच कमी केली. यातील खरी खुबी अशी, की नोकरी सुटल्यास पुन्हा मिळकतीवरच्या भाड्याकडे परतण्याची वाट मोकळी ठेवली होती. ठोक भाड्याचा लाभ हवा आणि ब्रुक दुरुस्तीचे संरक्षणही हवे, ही भाडेकरूची स्वाभाविक अपेक्षा येथे प्रथमच मान्य झाली.

प्रयोग काटेकोर व्हावा म्हणून प्रत्येक शहरात सारख्या दर्जाच्या दोन-तीन वसाहती निवडून त्यांतून योजनेची वसाहत चिठ्ठी टाकून ठरविण्यात आली. उरलेल्या तुलनेसाठी. रहिवाशांच्या कमाईची नोंद बेकारी विम्याच्या सरकारी दप्तरातून घेतली गेली आणि जे मधल्या काळात वसाहत सोडून गेले, त्यांचीही मोजणी चालू ठेवली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण एरवी कमावू लागलेले निघून जातात आणि योजना फसली असे आकडे सांगतात.

सुरुवात संथ झाली. भाड्याच्या सवलतीला कायदेशीर मंजुरी मिळून ती प्रत्यक्षात येईपर्यंत बराच काळ गेला. तोवर नुसत्या रोजगार कार्यालयाने फार फरक पडला नाही. कमावले तरी भाडे वाढणार नाही, या आश्वासनावर अनेक वर्षांच्या अनुभवाने शहाणे झालेले रहिवासी सहजी विश्वास ठेवायला तयार नव्हते. बाल्टिमोर आणि चॅटनूगा येथे योजना कधीच पूर्णपणे उभी राहिली नाही आणि तेथे परिणामही दिसले नाहीत. सिएटलच्या रेनियर व्हिस्टा वसाहतीत फरक दिसू लागला होता, पण ‘होप सिक्स’ या पुनर्विकास कार्यक्रमाखाली ती वसाहतच पाडायला घेतली गेली आणि रहिवासी विखुरले.

उरली तीन शहरे. डेटनची डिसोटो बास कोर्ट्स, लॉस एंजेलिसची विल्यम मीड होम्स, आणि सेंट पॉलची माउंट एअरी होम्स, जेथे आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग निर्वासितांची मोठी वस्ती होती. भाषा, वंश, रोजगाराचा बाजार, सगळेच एकमेकांपासून वेगळे. तरीही २००० ते २००३ या चार वर्षांत योजनेतील रहिवाशांची कमाई तुलनेच्या वसाहतींपेक्षा सरासरी १४ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ११४१ डॉलरनी अधिक राहिली. २००६ पर्यंतचे आकडे धरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही वाढ १६ टक्के, वर्षाला सुमारे १३०० डॉलर, इतकी आढळली. योजना २००३ मध्ये थांबली होती. परिणाम थांबला नव्हता. ही सरासरी योजनेचा लाभ न घेतलेल्यांनाही धरून आहे, हे लक्षात घेतले की आकड्याचे वजन कळते.

अर्थात, यावरून गरिबी हटली असे म्हणता येणार नाही. वर्षाला हजार-तेराशे डॉलरने अमेरिकेत कोणी मध्यमवर्गीय होत नाही. पण गरिबांना रोजगाराकडे वळविण्याच्या योजनांचा इतिहास पाहिला, तर वर्षानुवर्षे टिकणारी वाढ दाखविणाऱ्या योजना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. भाड्याची सवलत एकटी, किंवा नोकरी-साहाय्य एकटे, पुरेसे ठरत नाही, असे या प्रयोगाने दिसले. पुढे व्हाऊचरधारकांसाठी लेक्सिंग्टन, लुईव्हिल, सॅन अँटोनियो आणि वॉशिंग्टन येथे २०१५ पासून भाड्याच्या नव्या सूत्राची चाचणी झाली. फेरतपासणी दरवर्षीऐवजी तीन वर्षांनी, म्हणजे मधल्या काळातील पगारवाढ कुटुंबाचीच. पण जोडीला रोजगाराची मदत नव्हती. चारही शहरांची सरासरी काढता कमाईत लक्षणीय वाढ दिसली नाही.

न्यूयॉर्कने २००९ मध्ये ईस्ट हार्लेममधून ‘जॉब्स-प्लस’चा पुन्हा आरंभ केला. केंद्राने २०१५ मध्ये नऊ प्राधिकरणांना त्यासाठी निधी दिला आणि नंतर दरसाल थोडी थोडी भर पडत गेली. देशातील वसाहतींची संख्या पाहता हा विस्तार तोकडाच म्हणावा लागेल.

बांधकामावरची नोकरी

रोजगाराची आणखी एक तरतूद सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, केंद्राच्या गृहनिर्माण निधीतून जे काम निघते, त्यातील नोकऱ्या व कंत्राटे शक्य तितकी तेथील अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांना मिळायला हवीत. वसाहतीचे रंगकाम निघाले, बॉयलर बदलायचा झाला, तर ते काम तेथल्याच तरुणांना का मिळू नये, असा साधा विचार त्यामागे होता. कंत्राटदारांनी त्यातून पळवाट काढली. काही माणसे नावापुरती भरती करायची, आकडा दाखवायचा आणि महिन्याभरात त्यांना घरी पाठवायचे. २०२० मध्ये नियम बदलले. आता किती जण भरती केले याऐवजी कामाचे किती तास दिले, हे मोजले जाते. एकूण श्रमतासांपैकी २५ टक्के या गटातील कामगारांना मिळावेत, असे लक्ष्य आहे.

सक्तीचा मार्ग

साहाय्याऐवजी सक्ती हवी, असे मानणारा मोठा वर्ग अमेरिकेत नेहमीच राहिला आहे. १९९६ च्या एका कायद्याने काही निवडक प्राधिकरणांना भाड्याचे व पात्रतेचे स्वतःचे नियम करण्याची मोकळीक दिली. त्याचा आधार घेऊन अटलांटा, शार्लट अशा शहरांनी सक्षम भाडेकरूंवर कामाची अट घातली. शार्लटमध्ये ती आठवड्याला किमान पंधरा तासांची होती आणि तिच्या जोडीला समुपदेशकांची मदत होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन गृहनिर्माण मंत्री बेन कार्सन यांनी भाडे ३५ टक्क्यांवर नेण्याचा आणि किमान भाडे पन्नासवरून दीडशे डॉलर करण्याचा प्रस्ताव मांडला. तो संमत झाला नाही. २०२५ च्या मे महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारने अर्थसंकल्पात सक्षम प्रौढांच्या भाडे-साहाय्याला दोन वर्षांची मुदत घालण्याची सूचना केली आणि कार्यक्रमांच्या निधीत मोठी कपात सुचविली.

दोन वर्षांत माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो का, हा प्रश्न वसाहतीबाहेरच्या घरभाड्यावर अवलंबून आहे. सव्वासात डॉलरच्या किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याला वर्षाला जेमतेम पंधरा हजार डॉलर मिळतात. त्यातील ३० टक्के म्हणजे महिना पावणेचारशे डॉलर. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसमध्ये तेवढ्यात घर सोडा, खोलीतला वाटाही मिळणे कठीण. नोकरीत टिकून राहिलेला भाडेकरूही म्हणूनच वर्षानुवर्षे वसाहत सोडत नाही. त्याला आळस म्हणायचे की हिशेब, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दरम्यान, १९९८ ची पगार-सवलत आता इतिहासजमा होत आहे. २०१६ च्या कायद्याने ती रद्द ठरविली आणि १ जानेवारी २०२४ पासून नव्या भाडेकरूंना ती मिळणे बंद झाले. तिच्या बदल्यात फेरतपासणीचे नियम सैल केले गेले. वर्षाच्या मध्ये पगार वाढला, तर बहुतेक वेळा पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत तो भाड्याच्या हिशेबात धरायचा नाही. त्याच कायद्याने उत्पन्नाला वरची मर्यादाही परत आणली. परिसरातील मध्यम उत्पन्नाच्या १२० टक्क्यांहून अधिक मिळकत सलग दोन वर्षे राहिली, तर त्या कुटुंबाला सवलतीच्या भाड्यावर राहता येत नाही. प्राधिकरणाने एक तर त्यांच्याकडून चढे भाडे घ्यायचे, नाही तर सहा महिन्यांत घर खाली करून घ्यायचे. कोणता मार्ग स्वीकारायचा, हे प्रत्येक प्राधिकरणाने आपल्या धोरणात लिहून ठेवायचे आहे.